सज्ज्याखालची खुर्ची

माझा मामा भित्रा होता. हे मी असं चारचौघांत सांगते म्हणून कुणी नाक मुरडू नये, कारण दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला तो स्वतःच हे पहिल्या भेटीत सांगून टाकायचा. "मी जरा घाबरट आहे हं. कंबर बोटभर सैलच शिवणार. ऐन वेळी उसवली तर माझ्या जिवाला घोर." मामा शिंपी होता. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात, आणि मामा इतकी माया सोडायचा की त्याची एक विजार उसवली तर शेजाऱ्याचीही सोय होईल, असं मामी म्हणायची.

तो लिफ्टला भ्यायचा, कुत्र्याला भ्यायचा, कुकरच्या शिट्टीला भ्यायचा. गॅस बंद केलाय ना, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत यायचा आणि मग कुलूप लावलंय ना, हे बघायला पुन्हा. याला काही कारण नव्हतं. तो लहानपणी पाण्यात पडला नव्हता, त्याच्या अंगावर कधी काही कोसळलं नव्हतं. काही माणसं डावखुरी असतात, तसा मामा भित्रा होता. आम्ही भाचरंडं त्याच्या मागून जाऊन 'भॉक' करायचो आणि तो दर वेळी खरोखर दचकायचा. खोटं दचकणं त्याला जमायचंच नाही.

मामी त्याच्या अगदी उलट. ती बसमध्ये कंडक्टर होती. भरलेल्या बसमध्ये, वळणावर, कशालाही न धरता उभी राहून ती तिकिटं फाडायची. दारुड्यांना एका हाताने खाली उतरवायची. अशा बाईने अशा माणसाशी लग्न का केलं, हे कोडं आमच्या घरात सगळ्यांनी आपापल्या परीने सोडवून पाहिलं होतं. मामीला विचारलं की ती म्हणायची, "घरात कुणीतरी घाबरणारं लागतं. मला वेळ नसतो."

त्या दोघांची ओळख झाली ती लिलावघरात. आमच्या बाजाराच्या टोकाला ती जुनी इमारत आहे. एके काळी तिथे कापडाच्या गाठींचा लिलाव व्हायचा. खाली फरशीवर माल मांडलेला असायचा आणि वर तिन्ही बाजूंनी फिरणाऱ्या लाकडी सज्ज्यात व्यापारी उभे असायचे. त्यांच्या दोन्ही हातांत कापडाचे नमुने असायचे, म्हणून बोली वाढवायची तर ते पाय आपटायचे. लिलाव बंद पडले, व्यापारी गेले, पण पाय आपटायची पद्धत राहिली. पुढे तिथे शनिवारी संध्याकाळी लोक जमायला लागले. कुणी गायचं, कुणी नकला करायचं, चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या. आणि कुणाचं काही आवडलं की आम्ही टाळ्या वाजवत नसू. पाय आपटायचो. सज्ज्यातल्या फळ्यांवर पन्नास-साठ माणसांनी एकदम पाय आपटले की असा काही आवाज उठायचा, की बाहेरगावचा माणूस खुर्चीतून उडायचा. मामा तर आमच्याच गावचा, तरी उडायचा.

मामी सज्ज्यातल्या गाणाऱ्या घोळक्यात असायची. मीही तिच्या शेजारी. मामा कधीच वर आला नाही. उंचीची भीती. तो खाली दाराजवळ बसायचा, म्हणजे पळायला बरं.

मग शहराच्या कारभाऱ्यांना गाड्या उभ्या करायला जागा हवीशी झाली आणि त्यांची नजर लिलावघरावर पडली. आमच्या शनिवारच्या मंडळाचं धाबं दणाणलं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक. त्यांच्या आवाजामुळे त्यांना सगळे भोंगा म्हणायचे. भोंग्याने शोध लावला की जुनी इमारत लोकांच्या नेहमीच्या वापरात असेल, तर तिला संरक्षित म्हणून जाहीर करता येतं आणि मग तिला कुणी हात लावू शकत नाही. झालं. दर शनिवारी माणसं गोळा करायची मोहीमच सुरू झाली. ज्यांना गाणं आवडत नाही त्यांनाही आणून बसवलं. सज्जा तर इतका भरायचा की कठड्याला टेकायला मिळायचं नाही.

आणि इमारतीची सेवाही सुरू झाली. सेवा हा शब्द भोंग्याचा. सगळ्यात मोठी डोकेदुखी होती कबुतरांची. सज्ज्याच्या तुळया जिथे भिंतीत शिरतात, तिथे बाहेरच्या बाजूने जुन्या गवंड्यांनी हातभर रुंदीची भोकं ठेवली होती. कबुतरं त्यांतून आत यायची आणि खुर्च्यांवर घाण करायची. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून सिमेंट कालवलं आणि ती सगळी भोकं चापून बुजवली. मामाने शिडी धरली होती. वर चढायला काही तो तयार नव्हता. संध्याकाळी स्वच्छ खुर्च्यांवर बसून आम्ही चहा प्यायलो आणि एकमेकांचं कौतुक केलं. मी तर अगदी भारावून गेले होते.

पुढे एक-दोन वर्षांनी सज्ज्याखालच्या भिंतीवर डाग दिसायला लागला. तपकिरी, ओलसर, ताटाएवढा. मामानेच तो पहिल्यांदा पाहिला. त्याने तो भोंग्याला दाखवला. भोंगा म्हणाला, "शिंपीदादा, जुनी इमारत आहे. तुम्हा-आम्हालाही या वयात डाग पडतातच की." सगळे हसले. मामाही हसला. पण पुढच्या शनिवारी तो लवकर गेला आणि डागाच्या कडेला त्याने आपल्या निळ्या खडूने बारीक रेघ मारून ठेवली. आणखी काही शनिवार गेले आणि डाग रेघेच्या बाहेर गेला.

हे मला त्याने सांगितलं तेव्हा मी वैतागले. "मामा, तुला कुकरचीही भीती वाटते," मी म्हणाले.

"तेच ना," तो म्हणाला. "मला सगळ्याचीच वाटते. त्यामुळे ही खरी की नेहमीची, मलाच कळत नाही."

हे तो अगदी गरिबीने म्हणाला.

त्यानंतर मामाने आपली जागा बदलली. दाराजवळची खुर्ची सोडून तो सज्ज्याखाली, बरोबर त्या डागापाशी बसायला लागला. गाणं संपलं, वर आम्ही पाय आपटले, की तो मान वर करून बघायचा. मग तळहात पुढे धरायचा. फळ्यांच्या फटींतून काहीतरी बारीक, पिठासारखं खाली येत होतं. ते तो बोटांनी चोळून पाहायचा आणि हात विजारीला पुसायचा. मंडळात त्याची फार थट्टा झाली. भित्र्या माणसाने भीतीखालीच खुर्ची टाकली, म्हणून. पण मी घरी जाताना त्याच्या बाजूने चालायचे आणि त्याचे खांदे पाहायचे. ते पांढरे झालेले असायचे. तेव्हा पहिल्यांदा मलाही भीती वाटली. आणि तरी पुढच्या शनिवारी मी वर गेलेच, कारण सगळे जात होते.

शेवटी तपासणीचा दिवस ठरला. तीन माणसं येऊन इमारत पाहणार, ती वापरात आहे का ते बघणार आणि निर्णय देणार. भोंग्याने फर्मान काढलं की सज्जा असा गच्च भरला पाहिजे, की खालून नुसती डोकी दिसावीत. गाणं संपलं की असे पाय आपटायचे, की पाहुण्यांना कळलं पाहिजे हे घर जिवंत आहे. आणि आदल्या आठवड्यात भिंतींना तेलाचा रंग दिला. पिवळाधमक, चकचकीत, नव्या बसथांब्यासारखा. डाग गेला. खडूची रेघही गेली.

"बघ," मी मामाला म्हणाले, "संपलं तुझं दुखणं."

मामा त्या भिंतीसमोर उभा होता. चेहरा असा पडलेला की मला वाटलं त्याला चक्कर येतेय. "डाग होता तोवर तो कुठे आहे ते मला कळत होतं," तो म्हणाला. "आता तो कुठे गेला?"

तपासणीच्या आदल्या रात्री मामाकडे जेवताना मी विषय काढला. मामाने मामीकडे पाहिलं. "अगं, उद्या तू खालीच उभी राहिलीस तर?"

"गाणं वरून म्हणतात," मामी म्हणाली.

"घसा बसलाय म्हणून सांग."

"माझा घसा बसलेला या गावात कुणी ऐकलाय?" मामी ताटावरून उठली. "अहो, उद्या काही वेडंवाकडं बोललात ना, तर लिलावघर जाईल. आपण दोघं तिथे भेटलो. तिथे गाड्या उभ्या राहिलेल्या मला बघायच्या नाहीत."

मामाही ताटावरून उठला. बोलावं तर बायकोची जन्माची इमारत जाणार, न बोलावं तर कदाचित बायकोच. आणि हे 'कदाचित' खरं की नेहमीचं, हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं. त्याने हात धुतले, नळ बंद केला, परत जाऊन नळ पाहिला, आणि पुन्हा पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणीची माणसं आली. दोन पुरुष आणि एक बाई. पुरुष छताकडे बघत छान-छान म्हणत होते. बाई इंजिनिअर होती. आखूड केस, जाड तळाचे बूट, आणि फारसं बोलणं नाही. वर सज्ज्यात आम्ही दाटीवाटीने उभे होतो. माझ्या डाव्या हाताला मामी होती. फळ्यांच्या फटीतून मी खाली पाहिलं तर मामाचं फक्त टक्कल आणि गुडघ्यांवर घट्ट दाबलेले हात दिसत होते. तो त्याच खुर्चीत बसला होता. पाहुण्यांसाठी ती खुर्ची हलवायला कुणीतरी आलं, तर तो उठला नाही.

गाणं सुरू झालं. मामीचा आवाज लागला तसे ते दोन पुरुष वर बघून हसले. मी गात होते, पण माझं सगळं लक्ष पायांखाली होतं. फळी खरंच दबत होती, की मामाने माझ्या डोक्यात भुंगा सोडला होता? दुसरं कडवं झालं, तिसरं आलं. शेवटची ओळ आम्ही दोनदा म्हणतो आणि दुसऱ्यांदा संपली की पाय येतो. मला तो पाय येताना दिसत होता. आजूबाजूच्या प्रत्येकाने गुडघा किंचित उचलला होता.

"नका!"

तो आवाज कुणाचा हे कुणालाच कळलं नाही, कारण तो आवाज याआधी कुणी ऐकलाच नव्हता. मामा सभागृहाच्या मधोमध उभा होता, दोन्ही हात वर केलेले. "नका आपटू! पाय नका आपटू! अगं खाली ये. ये ना खाली!"

साठ माणसांचे पाय जिथल्या तिथे थांबले. मग कुणीतरी फिसकन हसलं. भोंग्याचा चेहरा लालबुंद झाला. "ते जरा... त्यांची तब्येत..." असं काहीतरी तो पाहुण्यांना सांगायला लागला. मामीने डोळे मिटून घेतले होते. लाजेने, असं मला वाटलं.

इंजिनिअर बाई मामाजवळ गेली. "काय झालं?"

"मला भीती वाटते," मामा म्हणाला.

"कशाची?"

"माहीत नाही. तिथे भिंतीत. आधी डाग होता. आता रंग आहे."

बाई हसली नाही. ती खुर्चीपाशी गेली आणि तिने बोटांच्या पेरांनी भिंत वाजवली. मग दाराबाहेर गेली. आम्ही वर तसेच उभे. कुणाला काय करावं कळेना. ती परत आली आणि तिने विचारलं, "तुळयांच्या टोकाला हवेची भोकं होती, लाकूड ओलीने कुजू नये म्हणून. कुणी बुजवली?"

सगळ्यांनीच बुजवली होती. शेवटी मामाच पुटपुटला, "कबुतरं यायची."

बाईने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, खुर्चीवर चढली आणि तुळई जिथे भिंतीत जाते तिथे तो टेकवला. तिने जोर दिला नाही. मी वरून फटीतून पाहत होते, म्हणून सांगते, जोर दिला नाही. तो पोळीत बोट जावं तसा मुठीपर्यंत आत गेला.

ती खाली उतरली. वर आमच्याकडे पाहून अगदी हळू आवाजात म्हणाली, "कुणी उडी मारायची नाही, धावायचं नाही. सावकाश खाली या."

खरी भीती काय असते ते मला तेव्हा कळलं. मागून कुणीतरी मला ढकललं, कुणी रडायला लागलं, सगळा घोळका जिन्याकडे झुकला आणि पायाखालची फळी कण्हली. तेवढ्यात मामीचा आवाज आला. बसमधला. "जागेवर थांबा! एकेक जण. भिंतीला चिकटून. आधी तू, मग काका, मग तू. पाय घासत जा, उचलू नका." ती स्वतः मधोमध खांबासारखी उभी राहिली आणि तिने एकेकाच्या कोपराला धरून आम्हाला पुढे सोडलं. मी खाली पोचले तेव्हा माझे दात वाजत होते. मामा जिन्याच्या पायथ्याशी उभा होता. प्रत्येक उतरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि पुन्हा वर बघायचा. मामी सगळ्यात शेवटी आली. मामाकडे न बघता सरळ दाराबाहेर गेली.

लिलावघर वाचलं. हे ऐकून कुणाला बरं वाटेल, पण थांबा. इमारत संरक्षित म्हणून जाहीर झाली आणि त्याच दिवशी तिला कुलूप लागलं. दारावर पाटी आहे की ही वास्तू मोलाची आहे, आणि तिच्याखाली दुसरी पाटी आहे की आत जाण्यास सक्त मनाई आहे. दुरुस्ती व्हायची आहे. ती कधी, हे विचारायला भोंगा दर महिन्याला जातो आणि आवाज गमावून परत येतो. शनिवारी लोक आपापल्या घरी बसतात. कुणी दुसरी जागा बघितली, पण सिमेंटच्या जमिनीवर पाय आपटले तर टाचा दुखतात, आवाज येत नाही. हळूहळू सगळे पांगले.

आणि माणसांची तऱ्हा बघा. ज्याने त्यांचे जीव वाचवले त्याच्या दुकानासमोरून ते पलीकडच्या फुटपाथने जायला लागले. मला याचा अजून संताप येतो. मामाचं मात्र एवढंच म्हणणं होतं की त्यांचं बरोबर आहे, त्यांचा शनिवार मीच बुडवला.

मामी काहीच बोलत नव्हती. निवृत्त झाल्यापासून ती दुकानात बसून बटणं लावायची. मामा शिवायचा, ती बटणं लावायची, आणि मधे मशीनचा आवाज. असे काही महिने गेले. एका सकाळी मी तिथेच होते, माझा झगा लांब करून घ्यायला आले होते. मामाने मशीन थांबवलं.

"अगं, एकदा शिव्या दे मला. सगळ्यांसमोर तुझी लाज काढली मी."

मामीने दोरा दातांनी तोडला. "लाज कसली. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"फळी. उन्हाळ्यापासून दबत होती. जन्म गेला माझा हलत्या बसमध्ये, पायाखालचं मला कळतं."

मामाच्या हातातली कात्री टेबलावर पडली. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर लिलावघर पाडलं असतं. म्हटलं, तपासणी होऊन जाऊ दे, मग दुरुस्त करून घेऊ. तेवढं धरेल." मामीने पुढचं बटण घेतलं. "आणि तुम्ही खाली बसायला लागलात. तेव्हा मात्र मला... म्हणून मी पाय आपटायचेच नाही. नुसता आपटल्यासारखा करायचे. बरोबर तुमच्या डोक्यावर उभी असायचे ना मी. म्हटलं, तेवढा एक पाय तरी कमी."

मामा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने अगदी साधेपणाने विचारलं, जसं गिऱ्हाइकाला माप विचारावं तसं. "आणि बाकीचे साठ?"

मामीचा टाका अर्ध्यावर थांबला. तिची नजर वर गेली, दुकानाच्या छताकडे, आणि तिथून सरळ खाली मामाच्या टकलाकडे आली. सुई तिच्या बोटांतून निसटली. तिने ती उचलायला हात पुढे केला तर हात थरथरत होता. तिने तो दुसऱ्या हाताने धरला, तर दुसराही थरथरायला लागला. तिला श्वास घेता येईना. मी मामीला घाबरलेली कधी पाहिली नव्हती, आणि मला काय करावं सुचेना. मी पाणी आणायला उठले.

मामाने मला हाताने बसवलं. तो उठला, दुकानाचं दार ओढून घेतलं, स्टूल तिच्याजवळ ओढलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले. या एका गोष्टीत त्याच्याइतका जाणता माणूस सबंध बाजारात नव्हता.

"असंच होतं," तो म्हणाला. "छातीत धडधडतं, हात गार पडतात. भांडू नकोस त्याच्याशी. बस जरा. मी आहे."